आईचं गाणं तलासरीच्या हळदीत

शनिवारी सकाळी अकरापर्यंत जतीनच्या गाण्यात सहा माणसं घुसली होती.

पहिले घुसले ते दिपकदादाचे सासरे. आईला दवाखान्यात न्यायला त्यांनी गाडी पाठवली होती. गाडी घरी, नरपडला, पोचली तेव्हा आई दुसऱ्या गाडीनं जाऊन, ऍडमिट होऊन, वर चहासुद्धा मागत होती. पण पाठवली होती हे खरं, आणि उद्या आईच्या वर्षश्राद्धाला ते पहिल्या रांगेत बसणार होते.

"एक ओळ टाकली तर काय बिघडतं?" दादा म्हणाला. "नाव नको घेऊ. 'धावून आले आप्त' असं काही टाक. ते समजतील."

त्यांच्यामागून कोसबाडची मावशी आली, दोन मामा आले, एक मामी आली. मामी नुसती आली नाही, 'अन्नपूर्णा' हा शब्द स्वतःबरोबर घेऊन आली. मग मयूरीताई घोलवडहून सकाळच्या रिक्षानं प्रत्यक्षच आली आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्यावर अख्खं कडवं होतं. मुलीच्या तोंडचं.

"तू घोलवडची झालीस आता," दादानं कागद न उघडताच सांगितलं. "हे घरच्यांतर्फे गाणं आहे. तुझी माया तू वेगळी दाखव."

"मामी चालते आणि मी नाही चालत?"

"मामी मोठी आहे."

"तिच्या अंगावरून दिसतंच आहे ते," ताई म्हणाली आणि कागद परत पर्समध्ये गेला.

जतीन ओटीवर कीबोर्ड मांडून बसला होता. त्यानं सगळ्यांना हो म्हटलं होतं, आणि एकालाही आत घेतलं नव्हतं. गाणं मुळात बारा ओळींचं. लहानपणी शेजारच्या इराणीशेठच्या बंगल्यावर तो रेकॉर्डी ऐकायला जायचा. त्यातले काही अमेरिकन गवई इतकं सावकाश गायचे, की एकेक शब्द देवाकडे परत मागतायत असं वाटायचं. त्याला 'सोल' म्हणतात, हे शेठनं सांगितलं होतं. आई गेल्यावर जतीनला त्याच चालीत रडता आलं. दादाचं म्हणणं, रडायचंच तर भजनात रड, लोकांना ठेका तरी धरता येतो.

आई चिकू निवडायला बसायची तेव्हा जे बोलायची, तेच गाण्यात होतं. दुसरं काही नव्हतं.

*अंगठ्यानं दाबून सांगायचीस तू,*
*हा आजचा, हा उद्याचा, हा राहू दे.*
*मलाही एकदा दाबून बघ ना गं,*
*मी कधीचा, तेवढं कळू दे.*

जतीनला हे दोनशे माणसांना ऐकवायचं नव्हतंच. एका माणसाला ऐकवायचं होतं. अप्पांनी त्याचं गाणं वीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. लग्नांतून, हॉटेलांतून तो गायचा तेव्हा आई जाऊन ऐकून यायची आणि जेवताना अप्पांना सांगायची, बरा गातो. अप्पांना तेवढं पुरायचं. आता जाऊन ऐकून येणारं कोणी उरलं नव्हतं. गेल्या सहा महिन्यांत त्यानं अप्पांसमोर चारदा गाणं सुरू केलं. चारही वेळा अप्पांना पहिल्याच ओळीला वाडीतली मोटर आठवली. मोटर आत्ताच बंद केली होती, तेव्हासुद्धा.

उद्या मात्र ते हलू शकणार नव्हते. दादानं वर्षश्राद्धाच्या पत्रिकेत छापूनच टाकलं होतं: 'दुपारी साडेबारा, मातृगीत सादरीकरण. स्थळ: राहत्या घरी. उपस्थिती: सर्व कुटुंबीय.'

तेवढ्यात सरितावहिनी स्वयंपाकघरातून मोबाईल पुढे धरून आली. तिच्या हाताला पीठ होतं, म्हणून फोन दोन बोटांत होता.

"भावजी, हे तुमचंच ना?"

जिवलीच्या नातीचं, वर्षाचं स्टेटस होतं. जिवलीनं त्यांच्या वाडीत सव्वीस वर्षं आईसमोर बसून चिकू निवडले होते. वर्षाची आज हळद. व्हिडिओत हिरव्या मांडवाखाली शंभरेक माणसं गोल धरून नाचत होती आणि स्पीकरमधून जतीन गात होता. गळा त्याचाच होता. फक्त चार मिनिटांचं गाणं दीड मिनिटात उरकायचं असल्यासारखा तो पळत होता, खालून ढोल त्याच्या मागे लागले होते, आणि 'हा राहू दे' पाशी तो अडकला होता. राहू दे, राहू दे, राहू दे, राहू दे. मग सायरन. मग एक घोगरा आवाज: "डीजे तुषार, तलासरी."

ओटीवर पंखा फिरत होता.

"हे उद्या लोकांच्या मोबाईलवर असणार," दादा म्हणाला. "मी इकडे मातृगीत म्हणून उठणार आणि तिकडे माझे सासरे हे बघत असणार."

"कुणाला दिलंस तू?" ताईनं विचारलं.

"दिलं नाही. तुषारच्या खोलीवर रेकॉर्ड केलं. डहाणूत स्टुडिओवाला परवडेना."

"खोलीवर?"

"चांगली आहे. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावलेत."

दादानं गाडीची किल्ली घेतली. एकदा जाऊन ते बंद करायचं, सगळ्यांच्या मोबाईलवरून काढायला लावायचं, आणि येताना चारोटीहून लाडू उचलायचे, असं ठरलं. ठरून सगळे गाडीपाशी आले, तर पुढच्या सीटवर अप्पा बसलेले. पायात चपला, हातात पिशवी. लाडवाची ऑर्डर आणायला जायचं हे त्यांनी सकाळी ऐकलं होतं, आणि चाखल्याशिवाय लाडू घ्यायचे नाहीत असा त्यांचा नियम होता.

त्यांना उतरा म्हणायची हिंमत कोणाला झाली नाही.

&nbsp;

चारोटीपर्यंत सगळे लाडवांवर बोलले. सरितानं एवढं लाडवांवर बोलणं लग्नानंतर कधी ऐकलं नव्हतं. लाडू चाखून झाले. अप्पांनी वेलची कमी आहे म्हणून सांगितलं. आठ खोके मागे टाकले, चार मांडीवर घेतले, आणि गाडी डहाणूकडे न वळता हायवेला लागली.

"इकडे कुठे?" अप्पांनी विचारलं.

"तलासरीला जरा काम आहे," दिपक म्हणाला.

"काय काम?"

दिपकनं आरशातून मागे बघितलं. जतीन खिडकीबाहेर बघायला लागला.

"टेबलफॅन," मयूरी म्हणाली.

"डहाणूत मिळत नाहीत?"

"तिथे बरे मिळतात."

अप्पांनी डोळे मिटून घेतले. सरिताला वाटलं, झोपले. मग मागच्या सीटवर कुजबूज सुरू झाली, आणि कुजबुजीत एक अडचण निघाली जी कोणाच्या आधी लक्षात आली नव्हती. वर्ष पुरं व्हायचं होतं. वर्षभर या घरातलं कोणी मंगलकार्याला गेलं नव्हतं. सख्ख्या मामेभावाच्या साखरपुड्याला दिपकनं पाकीट रिक्षावाल्याबरोबर पाठवलं होतं. आणि आता अख्खं घर लाडू घेऊन हळदीच्या मांडवात निघालं होतं.

"आपण मांडवात नाही जायचं," दिपक म्हणाला. "बाहेरून बोलवायचं त्याला. रस्ता म्हणजे मांडव नाही."

"आणि तो नाही आला तर?"

"तर मयूरी जाईल. तिला चालतं. ती दुसऱ्या घरची."

मयूरीनं मांडीवरचा खोका सरिताच्या मांडीवर ठेवला. हे भांडणाआधीचं लक्षण सरिताला ओळखीचं होतं.

"गाण्यात मी दुसऱ्या घरची म्हणून कडवं नको. आणि मांडवात मी दुसऱ्या घरची म्हणून पुढे. दादा, तू आधी मला एका घरात ठेव, मग मी उतरते."

"ताई, हळू," सरिता म्हणाली.

"तूच सांग वहिनी, मी कुठली?"

सरितानं आठवडाभर एक गोष्ट पोटात ठेवली होती. सासूच्या बाबतीत तिनं तसं बरंच काही पोटात ठेवलं होतं, पण हे ताजं होतं. ती ठेवण्याचं कारण दिपक, आणि दिपकनं सकाळीच तिच्या मामीला अन्नपूर्णा करायला नकार दिला होता, स्वतःची मामी मात्र ठेवली होती.

"वर्ष झालंय," ती म्हणाली.

"उद्या होतंय," दिपक म्हणाला.

"तिथीनं बुधवारीच झालं. भटजी म्हणाले होते बुधवार. तुम्ही म्हणालात बुधवारी कोण येतं, लाडवाला पण माणूस मोकळा नाही. मग ते म्हणाले रविवार घ्या, मला तसंही बुधवारी वापीला जायचंय."

दिपकनं उगाचच एका ट्रकला हॉर्न दिला. ट्रक दुसऱ्या बाजूनं जात होता.

"म्हणजे बुधवारपासून आपण मोकळे आहोत?" जतीननं विचारलं.

"पत्रिकेप्रमाणे नाही," दिपक म्हणाला.

पुढच्या सीटवर अप्पांचे डोळे मिटलेलेच होते. पण पिशवीचे बंद त्यांनी हातात धरून ठेवले होते, आणि झोपलेला माणूस पिशवी एवढी घट्ट धरत नाही हे सरितानं पाहिलं. तिनं ते कोणाला सांगितलं नाही.

&nbsp;

अप्पा, म्हणजे हरिश्चंद्र सावे, सकाळपासून जागे होते. ओटीवर व्हिडिओ वाजला तेव्हा ते आतल्या खोलीत टॉवेल शोधत होते आणि टॉवेल हातातच होता. टेबलफॅनवर त्यांचा एक क्षणही विश्वास बसला नव्हता.

गाणं त्यांना नको होतं असं नाही. पोरगं कीबोर्ड उघडायचं आणि मग गाणं सोडून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं, ते त्यांना सहन व्हायचं नाही. घरातले सगळेच वर्षभर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. भात कमी खाल्ला की बघायचे, जास्त खाल्ला की आणखी बघायचे. आणि उद्या तर दोनशे माणसं पानावर बसून, वरणात बोट घालून, म्हातारा रडतो का ते बघणार होती. कोणी शूटिंगही करणार होतं. पोरांची आई, हिरकणी, असती तर म्हणाली असती, चला, मोटर बघून येऊ. तिलासुद्धा लोकांसमोर रडायला आवडायचं नाही. मुलीच्या पाठवणीला ती मागे जाऊन नारळ मोजत बसली होती.

तलासरी गाव मागे पडलं, गाडी कच्च्या रस्त्यानं पाड्याकडे वळली आणि थांबली. रस्ताच संपला होता. म्हणजे होता, पण त्याच्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत हिरवी जाळी बांधून मांडव घातला होता. जिवलीच्या घरापुढे जागा कमी म्हणून रस्ताच आत घेतला होता.

सगळे उतरले आणि जाळीच्या सावलीपासून हातभर अलीकडे ओळीनं उभे राहिले. हातात लाडवाचे खोके. आतून बघणाऱ्यांना वाटलं, मुलाकडचे आले. दोन बाया लगबगीनं पाण्याचे पेले घेऊन आल्या.

"आम्ही आत येत नाही," दिपक पाणी पीत म्हणाला. "तुषारला जरा बाहेर पाठवा."

"तो वाजवतोय."

"त्याचंच बोलायचंय."

स्पीकरच्या मोठमोठ्या पेट्यांच्या मागून तुषार आला. पंचविशीचा, गळ्यात हेडफोन. जतीनला बघून त्याला मनापासून आनंद झाला. "दादा, तुम्ही स्वतः आलात? तिसऱ्यांदा मागितलं लोकांनी."

"मी तुला सांगितलं होतं, हे कुणाला द्यायचं नाही."

"कुठे दिलं? वाजवलं फक्त."

"माझ्या आईचं आहे ते, तुषार. ती गेल्यावर केलेलं."

तुषारचा चेहरा उतरला. त्यानं हेडफोन गळ्यातून काढून हातात घेतले. "ते मला माहीत आहे दादा. जिवलीआजीनंच लावायला सांगितलं. तुम्ही रेकॉर्डिंग करत होतात तेव्हा ती बाजाराहून येताना खिडकीशी उभी होती. म्हणाली, हे माझ्या बायचं बोलणं आहे. बाय पोरीच्या लग्नाला येते म्हणाली होती, आता येत नाही, तर हे लाव. मी म्हटलं, आजी, यावर पाय उचलत नाही. ती म्हणाली, मग उचलेल असं कर."

दादानं खोका या हातातून त्या हातात घेतला. यावर काय बोलायचं ते पत्रिकेत नव्हतं.

"मी आता लावलंय ते बंद करू?" तुषारनं जतीनला विचारलं. "तुमचं गाणं आहे. तुम्ही सांगाल तसं."

"कर बंद," ताई म्हणाली. "आणि मोबाईलवरचं पण—" ती थांबली. "अप्पा कुठे?"

ओळीत अप्पांची जागा रिकामी होती. खोका जमिनीवर ठेवलेला.

अप्पा आत गेले होते. हिरकणीची तिथी बुधवारची, तर बुधवारची. लाडूवाल्याच्या सोयीनं ती आणखी चार दिवस मरत राहणार नव्हती. एवढा हिशोब करायला त्यांना सावलीपर्यंतची दोन पावलं लागली. तिसरं पाऊल आत पडलं. कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही. सगळे एकमेकांच्या कमरेला हात घालून गोल फिरत होते, आणि म्हाताऱ्याला वाट द्यायला गोल एका बाजूला दबला, एवढंच. ते पेटीच्या बाजूला ठेवलेल्या खुर्चीवर बसले.

जतीननं त्यांना जाळीच्या बाहेरून पाहिलं.

पेटी अप्पांच्या कानापासून वीतभर होती. त्यातून तो स्वतः गात होता, पळत, धापा टाकत. मलाही एकदा दाबून बघ ना गं. हे असं नको होतं. मधल्या थांबण्यावर त्यानं दोन महिने घालवले होते, आणि तिथे आता सायरन होता. अप्पा जागचे हलले नाहीत. त्यांचं तोंड जरासं उघडं होतं आणि ते रडत होते, चेहरा न लपवता, उन्हात बसल्यासारखे मोकळे. शंभर माणसं त्यांच्याभोवती फिरत होती आणि एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

"दादा?" तुषारनं पुन्हा विचारलं.

"संपलं की परत लाव," जतीन म्हणाला. "सायरन काढता येईल?"

"त्यातच बसलाय तो. निघत नाही."

"मग असू दे."

"असू दे?" दादा म्हणाला.

"दादा, तू गप्प बस जरा," मयूरीताई म्हणाली. "बघ तिकडे."

दादानं बघितलं. मग त्यानं चष्मा काढून बराच वेळ शर्टाला पुसला, आणि हातातला खोका पाणी घेऊन आलेल्या बाईच्या हातात दिला. "वाटा," तो म्हणाला. "वेलची कमी आहे."

गाणं परत सुरू झालं तेव्हा जिवली घरातून बाहेर आली. अंगभर हळद, हातात परात. खुर्चीपुढे येऊन ती उकिडवी बसली.

"शेट, तुम्ही आले."

"आलो."

"बाय आली असती तर नाचली असती."

"नाही नाचली असती," अप्पा म्हणाले. "तुला नाचायला लावलं असतं."

जिवली हसली. परातीतली हळद दोन्ही हातांना घेऊन तिनं त्यांच्या गालांना लावली. आधी उजव्या. "हा तुमचा." मग डाव्या. "हा बायचा." आणि उठून ती पुढच्या माणसाकडे गेली.

जतीन मांडवात आला आणि अप्पांच्या बाजूला उभा राहिला. पेटीमुळे ओरडूनच बोलावं लागत होतं.

"मूळचं असं नाहीये हे, अप्पा. सावकाश आहे."

"ते कळतं. तुला पळवलंय."

"उद्या ऐका. नीट म्हणतो."

"उद्या मी पंगतीत वाढणार," अप्पा म्हणाले. "तू म्हण. मी ऐकलं." थोड्या वेळानं ते म्हणाले, "मध्ये एके ठिकाणी आवाज फाटतो तुझा. 'ना गं' म्हणतोस तिथे."

"ते राहून गेलं. तीनदा परत घेतलं, तीनदा फाटला."

"काढू नको तो," अप्पा म्हणाले. सायरन वाजला, तो संपेपर्यंत दोघं थांबले. "तुषार कोण?"

"तो काय, पेटीमागे."

"मध्ये मध्ये नाव सांगत होता. मला वाटलं, नवरामुलगा."

&nbsp;

परत निघायला साडेपाच झाले. बारा खोक्यांतले सात उरले होते, आणि दादा गाडी चालवताना फोनवरून चारोटीच्या लाडूवाल्याला नवीन ऑर्डर देत होता, वेलचीसकट. मागे ताईनं पर्समधला कागद उघडून वहिनीला वाचायला दिला होता. वहिनी वाचता वाचता नाक ओढत होती. जतीन दोघींच्या मध्ये बसला होता आणि बरेच दिवसांनी त्याला काही नको होतं.

हायवेच्या पंपावर गाडी थांबली तेव्हा दादाचं लक्ष अप्पांच्या चेहऱ्याकडे गेलं.

"अप्पा, हे काय? उद्या सकाळी विधीला बसायचंय. सगळे विचारतील. हळद दोन दिवस जात नाही."

त्यानं पाण्याची बाटली उघडली, रुमाल भिजवला आणि पुढे झुकला. अप्पांनी उजवा गाल पुढे केला. दादानं तो घासून घासून पुसला, कानामागेसुद्धा, लहान मुलाचा पुसावा तसा. मग रुमाल उलटा करून डावीकडे नेला, तेव्हा अप्पांनी त्याचं मनगट धरलं.

"तो माझा नाही," ते म्हणाले, आणि लाडवांचा खोका मांडीवर नीट घेऊन बसले.